कामाचं काही नाही

मी बाळंतपणासाठी माहेरी आले तेव्हा उन्हाळा भरात होता. नोकरी भामरागडच्या सरकारी दवाखान्यात, नर्सची. माहेर कोरपन्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत असलेलं एक लहान गाव. मध्ये जंगल, नद्या आणि दोन जिल्हे. एका जिल्ह्याचे दोन नुकतेच झाले होते. बस दोन-तीनदा बदलावी लागे आणि सकाळी निघालेलं माणूस पोचेपर्यंत दिवस मावळे. निघताना दवाखान्यातल्या लोकांनी मला बजावलं होतं, आता इकडचा विचारही करायचा नाही. खायचं, झोपायचं आणि बाळ घेऊनच यायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आधी एकदा दिवस राहिले होते, पण पोट दिसू लागायच्या आतच गेलं होतं. त्यामुळे या वेळी सगळेच माझ्याकडे जपून बघत होते.

पण घरी येऊन आठवडाही झाला नसेल, तोवर पहिला निरोप आला.

तेव्हा भामरागडच्या दवाखान्यात फोन नव्हता आणि टपालाचा भरवसा नव्हता. निरोप एस.टी.नं यायचे. भामरागडच्या गाडीचा कंडक्टर अहेरीच्या स्टँडवर चंद्रपूरच्या गाडीवाल्याला सांगे, तो चंद्रपूरला कोरपन्याच्या गाडीवाल्याला, आणि तो आमच्या फाट्यावर गाडी थांबवून जो कोणी उभा असेल त्याच्या कानावर घाली. इतक्या तोंडांतून आलेल्या निरोपाचं काय होईल ते सांगता येत नसे. तो पहिला निरोप आमच्या शेजारच्या मामीनं आणला.

"तुह्या दवाखान्यातून पुसलं व, कपाट कुठी आहे म्हणते."

कपाट माणसाएवढं, लोखंडी, दारातून आत शिरलं की समोरच. मी पोट धरून हसले. मग लक्षात आलं की कपाटाची किल्ली विचारली असणार. आणि विचारणारी कोण तेही कळलं. दवाखान्यात आम्ही दोघीच नर्स. दुसरी माझ्याहून बरीच लहान, साकोलीकडची, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एकाच क्वार्टरमध्ये राहायचो, एकाच चुलीवर रांधायचो. मी आल्यावर ती एकटीच उरली होती.

"किल्ली तिच्याच खाटेच्या वर खिळ्याला टांगलेली आहे म्हणून सांगा," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी फाट्यावर जाऊन तसं सांगितलं.

मग निरोप येतच राहिले. सुया उकळायचं भांडं गळतं, काय करू. स्टोव्हची पिन कुठे. एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम भरत नाही, कोणतं मलम लावू. बाबा फाट्यावरून यायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "रजा तुह्यी आहे का त्यांची?" माय मात्र चिडायची. "पगारी माणूस म्हणून काय घरात बी चैन नाई? लेकरू पोटात आहे, अन् हे लोक भांड्या-पिनांचं पुसून राह्यले."

मला मात्र ते आवडत होतं. दिवसभर बाजेवर पडून राहायची सवय नव्हती. गाडीचा आवाज आला की मी कान देई. शाळेला सुट्ट्या लागल्यावर नवराही आला. तो अहेरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. संध्याकाळी आम्ही अंगणात बसायचो आणि तो मला चिडवायचा, की तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, बाळंतपण कसं करायचं तेवढं विचारू नको, नाहीतर तुलाच कळांतून उठून सांगावं लागेल.

एका सकाळी कोरपन्याच्या पोस्टातला माणूस सायकलवर आला. अहेरीहून आमच्या डॉक्टरसाहेबांनी ट्रंककॉल लावला होता. दुपारी पुन्हा लावणार होते, बाईंना पोस्टात आणून बसवा म्हणाले होते. माय म्हणाली, जायचं नाही. ऊन मी म्हणत होतं आणि माझे महिने भरत आले होते. पण डॉक्टर उगाच फोन करणारा माणूस नव्हता. लातूरकडचा, तरुण, पहिलीच नेमणूक. कुणाला त्रास द्यायचा म्हटलं की त्याचाच चेहरा पडायचा. महिन्याच्या मिटिंगला अहेरीला आला असणार, आणि तिथून फोन करण्याइतकं काहीतरी असणार. बाबांनी बंडी जुंपली, तिच्यात तणस घातलं, वर गोधडी घातली. नवरा शेजारी छत्री धरून बसला.

पोस्टात बराच वेळ बसलो. मग घंटी वाजली. फोनमध्ये खरखर आणि तिच्यामागे कुठेतरी डॉक्टरचा आवाज. मी टेबलाच्या कडेला पोट टेकवून, एका कानात बोट घालून ओरडून बोलत होते.

"सिस्टर, मागे तुम्ही नदीपलीकडच्या एका बाईला तपासलं होतं. बाळ आडवं आहे म्हणाला होतात. तिचं गाव कोणतं? पावसाआधी तिला दवाखान्यात आणून ठेवायला पाहिजे. आमच्याकडे कुणालाच नीट सांगता येत नाही."

मी गाव सांगितलं. वाट सांगितली. नाला उतरून मोहाच्या झाडांतून वर चढायचं, पहिल्या वस्तीत थांबायचं नाही, तिचं घर पुढच्या वस्तीत आहे. तिची सासू आधी नाही म्हणेल, पण तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन बोला, तो ऐकतो. डॉक्टर प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होता.

माझ्या बाळानं त्या वेळी एक जोराची लाथ मारली. टेबलाची कड त्याला आवडली नसावी. मी हसले आणि मागे सरले.

"कळलं, कळलं," डॉक्टर म्हणाला. "आणि सिस्टर, तुमची तब्येत..." तिथे लाईन तुटली.

नंतर मी कितीदा तरी आठवून पाहिलं. त्या लाथेनंतर बाळ कधी हललं होतं का? परतीच्या वाटेवर बंडीच्या हिसक्यात काही कळत नव्हतं. रात्री जेवले, झोपले. सकाळी उठले आणि पोटावर हात ठेवून बसले. माय म्हणाली, उन्हानं सुस्त झालं असेल. मी नर्स होते. दुसऱ्या कुणा बाईनं असं सांगितलं असतं तर मी तिला तिथल्या तिथे उठवून दवाखान्यात नेलं असतं. मी नवऱ्याला म्हटलं, "चला."

चंद्रपूरला जाणारा सिमेंटचा ट्रक मिळाला. ड्रायव्हरनं क्लीनरला मागे पाठवून मला पुढे बसवलं आणि सगळा रस्ता खड्डे चुकवत गाडी चालवली. मोठ्या दवाखान्यात तिथल्या नर्सनं पोटाला नळी लावली आणि कान टेकवला. मी छताकडे बघत होते. नळीला कान लावणारं माणूस लवकर बोलतं. ठोके सापडले की चेहऱ्यावर आधी येतात आणि मग तोंडात. ती नळी सरकवत राहिली. डावीकडे, खाली, पुन्हा डावीकडे. मग ती उठली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरांना बोलावते."

मी तिला म्हटलं, "मी नर्सच आहे." तेव्हा तिनं माझा हात धरला.

कळा आणाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. नाळेचे वेढे मानेभोवती होते. कुणाचा काही दोष नव्हता. त्या लोकांनी जे करायला हवं होतं ते सगळं केलं. डोळे मिटलेले असूनही त्या खोलीत कोण काय करतंय ते मला कळत होतं. कातरीचा आवाज, ट्रेचा आवाज, पाण्याचा आवाज. एक आवाज तेवढा नव्हता. मला विचारलं, बघायचंय का? मी हो म्हटलं. केस दाट होते, ओले, कपाळाला चिकटलेले. नाक नवऱ्याच्या वळणाचं. नखं पूर्ण वाढलेली. मी तिच्या पायाचा तळवा अंगठ्यानं चोळला, बाळ रडत नसलं की आम्ही चोळतो तसा. सवयीनं हात गेला.

तिला गावाकडेच आणलं. बाबांनी आणि नवऱ्यानं नाल्याच्या वरच्या अंगाला, आमच्याच वावराच्या धुऱ्याशी, बांधाला लागून तिला ठेवलं. विहारातल्या बाया आल्या, त्यांनी वंदना म्हटली. जो तो मला सांगत होता, अजून होईल, वय गेलं नाही. मायनं माझ्या छातीला पंचा घट्ट बांधला. दूध थांबायला किती दिवस लागतात ते मला ठाऊक होतं, त्याच्या गोळ्याही ठाऊक होत्या. माय बांधत होती तसं बांधून घेतलं.

मायला कुणीतरी हवं होतं ज्याच्यावर राग काढता येईल. "त्या फोननंच घात केला," ती येणाऱ्या प्रत्येकीला सांगे. "भर उनात नेलं तिले. त्या टेबलाले पोट लावून बोलली." मी तिला सांगून पाहिलं, की फोनचा काही संबंध नाही, मानेला नाळेचे वेढे बसले होते, ते कुणालाही बसू शकतात. ती ऐकून घेई आणि पुढची बाई आली की पुन्हा तेच सांगे. मग मी सांगणं सोडून दिलं. तिचं तेवढ्यानं भागत असेल तर भागू दे म्हटलं.

भामरागडला कुणाला काही माहीत नव्हतं. आम्ही कळवलंच नव्हतं.

काही दिवसांनी सकाळी बाबा फाट्यावर गेले होते, सरकी आणायला कोरपन्याला जायचं म्हणून. तेवढ्यात चंद्रपूरकडून गाडी आली. कंडक्टर खाली उतरला, शिडीवरून टपावर चढला आणि तिथून त्यानं एक पाळणा खाली सोडला. बांबूचा, नवा, हिरवट. आमच्या दवाखान्यातली दाई माडिया होती. तिच्या घरच्यांनी तो विणला होता आणि सगळ्यांनी मिळून पाठवला होता. भामरागडपासून आमच्या गावापर्यंत तो पाळणा एका टपावरून दुसऱ्या टपावर बांधला जात आला होता.

"बाईच्या ऑफिसातून आला जी," कंडक्टर म्हणाला. "तारीख उलटून गेली, आता बाळ झालंच असंल म्हणते. पेढे ठेवा म्हणा. अन् ते लसीचे थर्मास कुठी ठेवले, ते पुसलं."

"सांगतो," बाबा म्हणाले.

बाबा कोरपन्याला गेलेच नाहीत. पाळणा खांद्यावर घेऊन ते गावातून चालत आले. दुसरी वाट नव्हती. लोक दारात उभे राहून बघत होते. मी खिडकीतून बघितलं. ते मागच्या बाजूनं गोठ्यात गेले. माय मागोमाग गेली, पोतं घेऊन. बराच वेळ दोघंही बाहेर आले नाहीत.

बाबा घरात आले तेव्हा माझ्यासमोर उभे राहिले, आपलंच काही चुकलं असावं तसे.

"मी त्याले काई सांगितलं नाई," ते म्हणाले. "गाडीत लोक होते."

मी म्हटलं, "थर्मास मधल्या खोलीत आहेत, खोक्याच्या मागे."

बाबा खाली बसले आणि टोपीनं तोंड झाकून रडले. माझे बाबा रडताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी मात्र रडले नाही. दवाखान्यातून आल्यापासून मला रडू येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा फाट्यावर गेला. आल्यावर त्यानं सांगितलं, की कंडक्टरला थर्मासचं सांगितलं आणि मग ते सांगितलं. कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा होता, त्यानं दोरी सोडून दिली. त्यानं म्हटलं म्हणे, "मास्तर, हे म्या कसं सांगू पुढच्याले?" पण त्यानं सांगितलं असणार, आणि पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. माझी मुलगी अशी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, अनोळखी माणसांच्या तोंडून भामरागडला पोचली.

त्यानंतर निरोप बंद झाले.

मृगाचं आभाळ भरून यायला लागलं आणि नवऱ्याची शाळा सुरू व्हायला आली, तेव्हा एका दुपारी दवाखान्याची जीप अंगणात येऊन उभी राहिली. ड्रायव्हर आणि आमचा आरोग्यसेवक. हा आरोग्यसेवक पन्नाशीचा, मूळचा सिंदेवाहीकडचा, पायी जंगल तुडवून लस टोचणारा माणूस. पावसाआधी चंद्रपूरहून औषधं न्यायला ते आले होते आणि तिथून वाकडी वाट करून आमच्याकडे. मायनं पाणी दिलं. त्यानं पेला हातात धरला पण तोंडाला लावला नाही.

"बाई," तो म्हणाला, "वाईट झालं जी."

मी मान हलवली. तो पेल्यात बघत राहिला. मग म्हणाला, "साहेबांनी पाठवलं मले. म्या म्हटलं होतं, मी नाई जात. पण दुसरं कोण येणार? रस्ता आता पंधरा-वीस दिवस चालंल, मग पर्लकोटा नदी चढली की बंद. ते लहान सिस्टर एकटी आहे. ताप बी येऊन राह्यला तिले. साहेब म्हणाले, बाळ असतं तर गोष्ट वेगळी होती. आता तसं बंधन नाई, तर बाई जीपमध्येच येतात का, विचारून पाहा. जबरदस्ती नाई."

तो हे सगळं एका दमात बोलला, पाठ करून आल्यासारखं. त्याला ते बोलायला किती जड गेलं ते दिसत होतं. डॉक्टरचंही मला कळत होतं. नद्या चढल्या की चार महिने ते लोक एका बेटावर राहणार होते आणि त्यांच्यापाशी दोन हात कमी होते. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. तरी ते शब्द माझ्या अंगावर उकळतं पाणी पडावं तसे पडले. आता तसं बंधन नाई.

माय दारातून म्हणाली, "लेकरू गेलं तिचं. तिची रजा गेली काय?"

मग नवरा म्हणाला, हळूच, भिंतीकडे बघत, "जाऊन पाहा ना. इथी बसून तरी काय करणार? कामात मन लागेल."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं स्वतःचं मन शाळेत लागेल अशी त्याला आशा होती आणि माझ्यासाठीही तीच आशा त्यानं धरली होती. पण मी त्याच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, या खोलीत मी एकटी आहे. ते वाटणं पुढे बरीच वर्षं आमच्यामध्ये राहिलं.

"तिथे गेले की पहिल्याच दिवशी कुणाचं तरी बाळंतपण येईल," मी म्हटलं. "माझ्या छातीचा पंचा अजून सुटला नाही. मी येत नाही, भाऊ. डॉक्टरांना सांगा, रजा संपली की येते."

"बरं जी," तो म्हणाला. त्यानं आता पाणी प्यायलं. चहा झाला. निघताना तो जीपपाशी घुटमळला. मला वाटलं काही विसरला. तो म्हणाला, "एक सांगू का नको, कळत नाई. ती नदीपलीकडची बाई, तुम्ही फोनवर वाट सांगितली ती. आणली तिले. सुखरूप झाली. पोरगा झाला. तुम्हाले सांगा म्हणाली सिस्टर. मग म्हणाली, नोको सांगा."

"बरं झालं," मी म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं. तरी जीप गेल्यावर मी गोठ्याच्या मागे जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभी राहिले, मायनं हाक मारेपर्यंत.

मग पाऊस लागला. नवरा अहेरीला गेला. बाबा आणि माय सरकी टोबायला वावरात जायचे. मी घरी. आमच्याकडच्या रस्त्यावर गाडी रोज येत होती, पण भामरागडचा रस्ता बंद झाला होता, त्यामुळे तिच्यातून माझ्यासाठी काही येण्यासारखं नव्हतं. तरी गाडीचा आवाज आला की मी उठून दाराशी जाई. मायला नको झालेले ते निरोप आता मला आठवत, आणि कुणी मला स्टोव्हची पिन विचारली असती तरी चाललं असतं. आमच्या गावात कुणाला माझी गरज नव्हती. सगळे मला जपत होते. मामी आपल्या सुनेचं तान्हं घेऊन आमच्या दारावरून जायची तेव्हा पदर त्याच्यावर ओढून, लगबगीनं जायची. मला ते दिसायचं.

पावसाळ्याच्या मध्यावर, एका रिपरिपत्या दुपारी कोरपन्याच्या ठाण्यातला पोलीस आमच्या अंगणात आला. रेनकोट, हातात काठी. बाबा जेवत होते ते उठून उभे राहिले. पोलीस दारात आला की आमच्या घरी माणसं आधी घाबरायची आणि मग कारण विचारायची. शेजारचे बाहेर आले. मला वाटलं, नवऱ्याला काही झालं.

पोलिसानं माझं आडनाव विचारलं, मीच का ते विचारलं, आणि मग तोच अवघडला.

"भामरागडच्या ठाण्यातून वायरलेस आहे," तो म्हणाला. "म्हणजे तसं असं पाठवता येत नाही. पण तिकडच्या ऑपरेटरनं रात्री अहेरीला दिलं, तिथून चंद्रपूरला, तिथून आमच्याकडे. तिथल्या सिस्टर ठाण्यात येऊन बसल्या होत्या म्हणे."

"काय आहे?" मी म्हटलं. माझ्या डोक्यात लगेच यादी सुरू झाली होती: गॅस्ट्रो असेल, सलाईन संपलं असेल, सापाचं इंजेक्शन.

तो म्हणाला, "कशा आहात, विचारलंय."

पुढचं काय ते ऐकायला मी थांबले.

"एवढंच," तो म्हणाला. "अन् खाली लिवलं होतं, कामाचं काही नाही."

मी ओट्यावर खाली बसले. ते बाळंतपणाच्या खोलीत आलं नव्हतं, धुऱ्यावर माती पडताना आलं नव्हतं, पाळणा आला तेव्हाही आलं नव्हतं, ते रडू त्या वेळी आलं. पोलीस घाबरला. मायनं येऊन माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि तीही रडायला लागली. पाऊस पडत होता आणि तो माणूस पावसातच उभा होता. आत या म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

मी थांबल्यावर त्यानं विचारलं, "उत्तर काय कळवू?"

"बरी आहे म्हणून कळवा."

"खोटं काऊन सांगते?" माय म्हणाली. ती पोलिसाकडे वळली. "बरी नाई म्हणा. पण जेवते म्हणा. तुह्यी वाट पाह्यते म्हणा."

पोलिसानं खिशातून कागद काढला आणि ते तसंच लिहून घेतलं.

रस्ता उघडल्यावर, धान कापणीला आलं होतं तेव्हा मी भामरागडला रुजू झाले. ती स्टँडवर आली होती. तापानं अर्धी झाली होती, कातडी पिवळी, डोळे मोठे. पावसाळाभर तिनं एकटीनं दवाखाना ओढला होता, थंडी भरून आली की ब्लँकेट घेऊन पडायची आणि पेशंट आलं की उठायची. आम्ही दोघी क्वार्टरपर्यंत चालत आलो. चहा पिताना मी तिला विचारलं, की किल्ली तर तुझ्याच खाटेवर टांगलेली होती, तुला दिसली कशी नाही?

"दिसत होती ना ताई," ती म्हणाली. "रोज त्याच किल्लीनं मी कपाट उघडत होती. थर्मास पण ठाऊक होते. पण तुम्ही गेल्यावर संध्याकाळी घरी कोणी बोलायलेच नोतं. नुसतं कशा आहात म्हणून निरोप कसा धाडू? लोक काय म्हणतील? कामाचं विचारलं की कोणी हसत नाई. तुमचं उत्तर आलं की मले वाटे, तुम्ही इथीच कुठी बोलून राह्यल्या."

ती पुढच्या उन्हाळ्यात बदलीवर गेली, आपल्या गावाजवळ. मी तिला जाऊ नको म्हटलं नाही. नंतर काही वर्षं आमची पत्रं चालू होती, मग तीही हळूहळू थांबली. मला पुन्हा मूल झालं नाही.

मी रुजू झाले त्या दिवसांत डॉक्टर माझ्याशी फार मऊ वागायचा. त्या जीपच्या निरोपाबद्दल तो कधी बोलला नाही आणि मीही नाही. दवाखान्यात सगळ्यांनी आपसांत ठरवल्यासारखं तो विषय बंद केला होता. बाळंतपण आलं की लहान सिस्टर आधीच हात धुऊन उभी असायची आणि मला गोळ्या वाटायच्या खिडकीवर बसवायची. माझ्यासमोर कुणी आपल्या मुलाबाळांचं काही काढत नसे. त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण माझी मुलगी झालीच नव्हती असं मला वाटायला लागलं होतं.

त्याच हिवाळ्यात एक माडिया बाई कडेवरचं मूल खोकतं म्हणून आली. लांबून चालत आली होती. तिनं आधी पाणी मागितलं, "येर" म्हणाली, प्यायली, आणि माझ्याकडे निरखून बघितलं. ती मला आधीची ओळखत असावी. उन्हाळ्यात तिनं मला भरल्या पोटी पाहिलं असेल. तिनं मोडक्या मराठीत सरळ विचारलं, "तुझं लेकरू कुठी?"

दाई तिला गप्प करायला पुढे आली. मी तिला हातानं थांबवलं.

"मुलगी होती," मी म्हटलं. "मेली. पोटातच मेली."

बाईनं मान हलवली. तिनं विचारलं, केस होते का? मी म्हटलं, होते, खूप होते, काळे. नाक बापासारखं होतं. तिनं आणखी विचारलं, कुठे ठेवली? मी सांगितलं, आमच्या वावराजवळ, नाल्याच्या वर, तिथे पाणी येत नाही. ती प्रत्येक गोष्ट ऐकून हुंकार देत होती. तिच्या मुलाला मी औषध पाजलं, पुडी बांधून दिली, कधी द्यायचं ते समजावलं. तिचं काम झालं होतं. पण ती उठली नाही. खिडकीखालच्या पायरीवर मूल मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि मागची माणसं पुढे सरकत होती तशी त्यांना थोडं बाजूनं जा म्हणून हातानं सांगत राहिली.